फकिराची तब्येत

औरंगाबाद, ता. ६ ऑक्टोबर १९५७

ती. मल्हारमामांस,
बन्सीचा शि. सा. न. वि. वि.

आपले पत्र पोचले. पैठणच्या मोटारीतून पाठवलेला तुपाचा डबाही पोचला. झाकण चि. मंजुळेने कणकेने लिंपले होते, त्यामुळे थेंबही सांडला नाही. गावातल्या घराघरांतून थोडे थोडे तूप माझ्या खुराकासाठी जमवले, असे आपण कळवले. ते कळल्यापासून भाकरीवर तूप घालताना हात आखडतो. एवढ्या लोकांचे खाऊन मी काय करून दाखवणार, असे मनात येते.

गुलमंडीवरच्या दुकानात दिवाळीची गर्दी सुरू झाली आहे. दिवसभर कापडाच्या गाठी उतरवतो. माझे अक्षर बरे आहे म्हणून शेठजी अधूनमधून गिऱ्हाइकांना पत्रे लिहायला बसवतात. शाळा सहावीत सुटली, पण शब्द चुकू नये एवढी काळजी मी घेतो. पहाटे तालीम चुकवत नाही. वस्ताद पुंजाराम आपली आठवण काढतात. आपल्यासारखी धोबीपछाड मराठवाड्यात पुन्हा कोणी मारली नाही, असे ते नव्या पोरांना सांगतात. आपण ऐन जवानीत कुस्ती का सोडली हे कोडे त्यांना अजून सुटलेले नाही.

एक विचारायचे होते. चंपाषष्ठीच्या जत्रेत माझी जोड एखाद्या हलक्या पैलवानाशी लावता येईल का? अलीकडे पोटात जरा कसेतरी होते. पोटात म्हणजे पोटाच्या खालच्या अंगाला. फार नाही. काळजीचे काही कारण नाही.

मामींना नमस्कार. मंजुळेला आशीर्वाद लिहावा की काय लिहावे हे लग्न ठरल्यापासून समजत नाही, म्हणून जागा सोडली आहे. आपला लोभ आजवर होता तसाच असू द्यावा.

आपला आज्ञाधारक,
बन्सी


खंडोबाची वाडी, ता. पैठण, १५ ऑक्टोबर १९५७

चि. बन्सीस,
मल्हारमामाचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. मंजुळेनं ओट्यावर बसून मोठ्यानं वाचलं. आप्पा होते, चतुराबाई होती, झाडून सारी आळी होती. तुझं पत्र आलं की आपल्या ओट्यावर बसायला जागा मिळत नाय. तूप खाताना हात आखडतो म्हणालास तवा सारे लई हसले. आरं, खायालाच लाजलास तर लढशील कसा?

हलकी जोड मागतोस व्हय? जोड कवाच ठरली. गंगापूरकडचा काकासाहेब पैलवान येणार. पंचांसमोर मी जबान दिलीय आणि माझी जबान आजवर माघारी आली नाय. चतुराबाई म्हणते, पोटात कसंतरी होतंय म्हणजे पोराला लगीन आठवलंय. तिच्या तोंडाला कोण लागणार! कुस्ती मार, मग माघात लगीन उरकू. तुझ्या आईशी, सरूबाईशी, माझं बोलणं झालंय. बहिणीला दिलेला शब्द आहे, पोरगी तुझ्याच घरात येणार.

पोटाचं म्हणशील तर बैठका वाढव आणि लंगोट आवळून बांध. एक ध्यानात ठेव. पैलवानाची ताकद एकाच वाटेनं जाती. लंगोटाचा सच्चा राहिलास तर डोंगर उचलशील. नायतर (इथं बाबा पुढं बरंच बोलले. ते मी लिहिलेलं नाही. — मं.)

तब्येत सांभाळ. आमचा जीव तुझ्यात आहे हे इसरू नको.

मल्हारराव

ता. क. बाबांचं सांगून झालं. त्यांना वाचता येत नाही, म्हणून खाली दोन ओळी माझ्या. तुमचं अक्षर या वेळी फारच देखणं आलंय. मागं आत्याबाई तापानं पडल्या होत्या आणि तुम्ही 'सर्व ठीक' असं कळवलं होतं, ते पत्रही असंच मोत्यासारखं होतं. म्हणून विचारते, सर्व ठीक आहे ना? — मंजुळा


औरंगाबाद, ता. २७ ऑक्टोबर १९५७

ती. मल्हारमामांस,
बन्सीचा शि. सा. न. वि. वि.

दिवाळीत येता आले नाही, क्षमा असावी. दुकान मध्यरात्रीपर्यंत उघडे असे. मामींच्या हातच्या करंज्या पोचल्या. तालमीतल्या सगळ्यांनी त्यावर झडप घातली, मला एक मिळाली.

आपण सांगितल्याप्रमाणे बैठका वाढवल्या आहेत. माझे सर्व ठीक आहे. आज लिहितो आहे ते दुसऱ्याच एका मुलाविषयी. फकिरा नावाचा एक मुलगा आमच्या तालमीत आहे. चांगला आहे, कष्टाळू आहे. त्याच्या जांघेत काही दिवसांपासून एक गाठ येते. ओझे उचलले, जोर मारले, की ती फुगते. आडवा पडला की आत जाते. तो एकावर एक दोन लंगोट आवळून बांधतो, म्हणून कोणाला दिसत नाही. वस्ताद नेहमी सांगतात की अशी व्याधी लंगोटाचा खोटा असणाऱ्यालाच होते. फकिरा शपथेवर सांगतो की त्याने काही वावगे केलेले नाही. फक्त मनात येऊ नये ते कधी कधी येते. मनात आल्याने असे होते का, हे त्याला कोणाला विचारता येत नाही.

त्याची कुस्ती ठरलेली आहे आणि लग्नही ठरलेले आहे. घरच्यांना सांगावे तर त्यांची मान खाली जाणार. त्याने काय करावे, असे त्याने मला विचारले.  आपण जुने जाणते पैलवान, म्हणून आपल्याला विचारतो. जमल्यास हे पत्र ओट्यावर वाचू नये.

मामींना नमस्कार. लेकरावर लोभ आहेच, तो असाच राहो.

आपला,
बन्सी


खंडोबाची वाडी, ५ नोव्हेंबर १९५७

चि. बन्सीस,
मल्हारमामाचे आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मंजुळा ओट्यावर वाचायला लागली, तेवढ्यात तिला खोकल्याची उबळ आली. मग घरात बसून वाचलं. बरं झालं, बायामाणसांत वाचायचं पत्र ते नव्हतं.

तुला त्या फकिराची उठाठेव कशाला पायजे? असल्या पोराला वस्तादांनी मातीत पाय ठेवू देऊ नये. शपथा खाणारे लई बघितलेत मी. मनात येतं म्हणजे काय? पैलवानाच्या मनात माती आणि मारुती, तिसरं काय यायचं कारण नाय. त्याच्याशी जोर करू नको, त्याच्या शेजारी बसू नको. आणि त्याचं लगीन ठरलं असंल तर पोरीच्या बापाला आधी कळवावं. आपली धड पोरगी असल्याच्या गळ्यात कोण बांधील? मी तर बांधणार नाय.

हा इषय इथंच मिटव. जत्रा जवळ आली. मैदानाला माती टाकून झाली, आप्पांनी हलगीवाले ठरवले. सारा गाव तुझ्या वाटेकडं डोळे लावून बसलाय. मामाची पत राखशील ही खातरी आहे.

मल्हारराव

ता. क. बाबा मेंढरांकडं गेले. आता मी लिहिते, आणि हे तुमच्या त्या फकिराला नीट वाचून दाखवा.

पोरीच्या बापाचं मत कळलं. पोरीला अजून कुणी विचारलेलं नाही. तिचं मत असं आहे, की फकिरानं उद्याच्या उद्या मोठ्या दवाखान्यात जावं. कुस्ती गेली तर जाऊ द्या.

त्यानं स्वतःला एकटा समजू नये. आमच्या घरातही एक फकिरा आहे. मी कळती झाल्यापासून बघते. आईनं जुन्या घोंगडीच्या तुकड्याचा पट्टा शिवलाय, तो धोतराच्या आत आवळून बांधतो. मेंढरू उचलायचं झालं की आधी कुणी बघत नाही ना, हे बघतो. तो पट्टा आई घरी धूत नाही, ओढ्याच्या वरच्या अंगाला एकटी जाऊन धुते. घरात आम्ही दोघी बायका सोडल्या तर एकच माणूस आहे, म्हणून नाव लिहीत नाही. फकिराच्या नावानं एवढा राग का आला असेल, ते तुम्हीच ओळखा.

आणखी एक. फकिराचं अक्षर थोडं वाईट आलं तरी चालेल. — मंजुळा


औरंगाबाद, ता. १६ नोव्हेंबर १९५७

ती. मल्हारमामांस,
बन्सीचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मंजुळा वाचणार हे मला ठाऊक आहे. तरी लिहितो. तालमीत फकिरा नावाचा कोणी नाही. तो मीच.

दवाखान्याच्या दारातून मी दोनदा परत आलो. तिसऱ्यांदा आत गेलो. डॉक्टरांनी लंगोट सोडायला सांगितला, तेव्हा मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत राहिलो. दोन लंगोट कशाला, असे त्यांनी विचारले. मी सवय आहे म्हणालो. ते हसले नाहीत. मग त्यांनी उभे राहून खोकायला सांगितले. एवढीच तपासणी. खोकलो आणि गाठ त्यांच्या बोटांखाली आली. मला वाटले, जमीन दुभंगावी.

त्यांनी सांगितले ते जसेच्या तसे लिहितो. याला अंतर्गळ म्हणतात. पोटाच्या भिंतीला तिथे एक कच्ची जागा असते. श्वास कोंडून ओझे उचलत राहिले की ती सैल पडते आणि आतडे बाहेर डोकावते. लंगोट आवळल्याने ते झाकले जाते, बरे होत नाही. एखाद्या दिवशी ते बाहेर अडकून बसले आणि पिळले गेले तर उलट्या होतात, पोट फुगते आणि माणूस हाती लागत नाही. म्हणून आपरेशन करून ती जागा शिवून घ्यायची.

मी धीर करून वस्तादांचे म्हणणे त्यांच्या कानावर घातले. त्यावर ते म्हणाले की मोंढ्यातल्या हमालांना हे होते, चार-चार पोरांच्या बापांना होते, आणि तान्ह्या मुलांनाही होते. पाळण्यातल्या मुलाचा लंगोट तुमचे वस्ताद कसा तपासतात ते विचारून या, असे म्हणाले. हे वाक्य मंजुळेने गाळून वाचावे.

मला खोकला झाला आहे. तो बरा झाल्याशिवाय चिरता येत नाही, नाहीतर टाके तुटतात. त्यामुळे जत्रेच्या आधी दोन दिवस आपरेशन होईल. म्हणजे कुस्ती होणार नाही. लग्नाला हरकत नाही असे डॉक्टर म्हणतात, पण काही महिने जड उचलायचे नाही. पुढे मातीत उतरता येईल की नाही, ते नंतर पाहू म्हणाले.

आपल्या जबानीला माझ्यामुळे बट्टा लागला. लोकांनी घास काढून तूप दिले आणि मी दवाखान्यात निजणार. उरलेले तूप याच मोटारीने परत पाठवतो आहे. पोरीच्या बापाला आधी कळवावे असे आपण लिहिले होते. त्याप्रमाणे कळवले. आपण शब्द मोडलात तर मी कोणापाशी तक्रार करणार नाही.

लोभ राहू द्यावा असे म्हणवत नाही. उरला असेल तेवढा असावा.

बन्सी


खंडोबाची वाडी, २९ नोव्हेंबर १९५७

काय म्हणून सुरुवात करावी ते मलाही समजत नाही, म्हणून तुमच्यासारखीच जागा सोडते.

वस्तादांनी पाठवलेला माणूस सांगून गेला, की आपरेशन नीट झालं. त्या दिवशी आई नुसती चुलीपुढं बसून राहिली. मग उठली आणि खंडोबाला भंडारा वाहून आली.

तुमचं पत्र मी ओट्यावर नेलंच नाही. आम्ही तिघंच होतो. वाक्य गाळलं नाही. बाबा पुन्हा वाच म्हणाले नाहीत, जबाब लिही म्हणाले नाहीत. मला वाटलं, पंचांकडं जाऊन कुस्ती रद्द झाल्याचं सांगतील. ते गेलेच नाहीत. आईनं दोनदा आठवण केली, तर तिच्यावरच खेकसले.

जत्रेच्या दिवशी काकासाहेब पैलवान आला. हलगी कडाडली. तुमचं नाव तीनदा पुकारलं. आम्ही बायका देवळाच्या पायऱ्यांवरून बघत होतो. गंगापूरची माणसं ओरडायला लागली, की मल्हाररावांचा भाचा तुपाच्या डब्यात बसलाय का बघा. मग बाबा उठले. पटका काढून आप्पांच्या हाती दिला, सदरा काढला आणि मैदानात उतरले. भाचा नसला तर मामा आहे म्हणाले. अजून काय छाती आहे त्यांची!  हलगी थांबली. बाबांनी वाकून मातीला हात लावला आणि धोतराच्या गाठीला हात घातला.

तिथंच थांबले. गाठ सुटेना असं लोकांना वाटलं. माझ्या शेजारी आईनं तोंडाला पदर लावला, तिला आणि मला ठाऊक होतं. धोतर सोडलं असतं तर पट्टा साऱ्या जत्रेला दिसला असता. बाबा तसेच किती वेळ उभे होते कोण जाणे. मग त्यांनी गाठीवरचा हात काढला, सदरा उचलला आणि चालत बाहेर आले. लोक हसले. चतुराबाईसुद्धा हसली, आणि मग माझ्याकडं बघून गप्प झाली.

तेव्हापासून बाबांच्या पोटात अन्न नाही. आज सकाळी अचानक म्हणाले, पोराला बघून येतो. परत आलेला तुपाचा डबा बरोबर घेतलाय. तुमच्यावर राग काढायला येतात की कशाला, ते मला सांगता येत नाही. तुम्ही नमतं घ्या. बोलले तर ऐकून घ्या. हे पत्र त्यांच्याबरोबर न देता टपालानं पाठवते, कारण त्यांनी वाचायला लावलं असतं.

शब्द मोडायचं नाव बाबांनी काढलेलं नाही. मीही विचारलं नाही. मला कुणी विचारलं तर काय सांगायचं ते मात्र ठरलेलं आहे.

वाट बघणारी,
मंजुळा


औरंगाबाद, दवाखाना, ता. ५ डिसेंबर १९५७

मंजुळा,

जागा सोडायची नाही असे ठरवले, म्हणून नाव लिहिले. झोपून लिहितो आहे, त्यामुळे अक्षर वाईट आहे. तुला तसेच हवे होते.

मामा आले. आधी माझ्या खाटेपाशी नुसतेच उभे राहिले. मी उठू लागलो तर खांद्याला धरून निजवले. माझ्या पोटावरच्या पट्टीकडे त्यांनी बराच वेळ पाहिले आणि दुखते का विचारले. मी खोकताना दुखते म्हणालो. तेवढेच बोलणे. जत्रेविषयी ते बोलले नाहीत. तुझे पत्र दुसऱ्या दिवशी पोचले. ते वाचले आणि मीही काही विचारले नाही. तीन दिवस ते रोज सकाळी यायचे, स्टुलावर बसायचे आणि संध्याकाळी शहागंजातल्या धर्मशाळेत झोपायला जायचे. दिवसभर वॉर्डातली माणसे पाहत बसत. माझ्यासमोर मोंढ्यातला एक हमाल आहे. त्यालाही हेच झाले होते. त्याला पाच मुली आहेत आणि त्या रोज संध्याकाळी येऊन गोंधळ घालतात. मामा त्यांच्याकडे पाहून एकदा म्हणाले, की डॉक्टर खोटे सांगत नव्हता तर.

काल डॉक्टर फेरीला आले. त्यांनी माझी जखम पाहिली आणि पुढे निघाले, तेव्हा मामांनी त्यांना थांबवले. आमच्या गावाकडे एक माणूस आहे, असे म्हणाले. नाव विचारल्यावर जरा अडखळले आणि म्हणाले, फकिरा. त्याला हे दुखणे पुष्कळ वर्षांचे आहे. इतके जुने झाल्यावर काही होते का, का आता तसेच ठेवायचे, एवढेच त्याला विचारायचे आहे. डॉक्टर म्हणाले, त्याला घेऊन या. मामा म्हणाले, तो मेंढरे सोडून येत नाही. पट्टा बांधतो का, असे डॉक्टरांनी विचारले. मामा म्हणाले, घोंगडीचा.

 डॉक्टरांनी परिचारिकेला पडदा ओढायला सांगितले आणि मामांना सांगितले, की उठा, उभे राहा आणि खोका.

मामांनी माझ्याकडे पाहिले. तसे त्यांना पाहणे मला सोसवेना. मी भिंतीकडे तोंड फिरवले. त्या भिंतीवर घड्याळ नाही, काहीच नाही. मला वाटले ते निघून जातील, जत्रेतून गेले तसे. स्टूल सरकल्याचा आवाज झाला. पडद्याच्या कड्या वाजल्या.

मग खोकला ऐकू आला.

मामांनी मला बजावले आहे की घरी अक्षर लिहायचे नाही. म्हणून मी त्यांच्याविषयी काही लिहीत नाही. फकिराला खाट मिळाली आहे, माझ्या शेजारचीच, एवढेच कळवतो. त्याचे आपरेशन सोमवारी आहे. आपल्या दोघांचे लग्न कधी करू देतात असे त्याने डॉक्टरांना आपणहून विचारले. वैशाखात म्हणाले. फकिरा म्हणाला, तोवर मीही उभा राहीन. तुपाचा डबा त्याने हमालाच्या पोरींपुढे उघडून ठेवला आहे.

तुला एक सांगायचे राहिले. वस्तादांचे ऐकून मला खरेच वाटत होते, की तुझी आठवण काढतो म्हणून हे झाले. म्हणून मी आठवण काढायचे बंद केले होते. गाठ कमी झाली नाही. आता डॉक्टरांनी तशी काही मनाई केलेली नाही.

मेंढरे आप्पांकडे सोपव. मामींना सांग, तो पट्टा धुवायला आता ओढ्याला जायला नको. फकिराने तो माझ्या उशाखाली ठेवला आहे आणि कोणाला दाखवू नको म्हणाला आहे.

दोन्ही फकिरांवर लोभ असू दे.

तुझा,
बन्सी